औषधांचा डबा आणि उत्तेजक चाचणी: हौशी प्रौढ जलतरणपटूंनी स्पर्धेआधी काय करावे

मास्टर्स गटात, म्हणजे पंचवीस वर्षांपुढे, पोहणाऱ्या बहुतेकांना उत्तेजक चाचणी हा ऑलिंपिकवाल्यांचा विषय वाटतो. नियमात असा भेद नाही. तुमची स्पर्धा वर्ल्ड अॅक्वाटिक्स या जलतरणाच्या जागतिक संघटनेशी संलग्न असलेल्या राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेने होत असेल, तर प्रवेशअर्ज भरताना तुम्ही जागतिक उत्तेजकविरोधी संहिताही मान्य करत असता. चाचणी कुणाचीही होऊ शकते, साठीतल्या शर्यतीत आठव्या आलेल्याचीसुद्धा.

या वयात मुद्दाम उत्तेजके घेणारे असतातच. टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होते, ईपीओ या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या हार्मोनने गुठळ्यांचा धोका वाढतो आणि पन्नाशीतल्या हृदयाला हे विशीतल्या हृदयाइतके सोसत नाही. पण प्रामाणिक पोहणारा अडकतो तो घरातल्या औषधांच्या डब्यामुळे. बी.पी.ची गोळी, दम्याचा पंप, खांद्यातले इंजेक्शन यांतले काय चालते आणि काय नाही हे स्पर्धेच्या दोन महिने आधी तपासले, तर पुढचे सगळे सोपे जाते.

एक गोष्ट आधी पक्की करा. नमुन्यात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूची असते. 'डॉक्टरांनी दिले होते', 'बाटलीवर लिहिलेले नव्हते' ही कारणे शिक्षा किती द्यायची हे ठरवताना ऐकली जातात. नियमभंग मात्र नमुन्यात पदार्थ सापडल्याबरोबर सिद्ध होतो.

यादी कशी करायची

कागद घ्या आणि शरीरात जाणारे सगळे लिहा: गोळ्या, थेंब, फवारे, मलमे, इंजेक्शने, प्रोटीन पावडर, जीवनसत्त्वे, वनौषधी. महिन्यातून एकदाच लागणारी मायग्रेनची गोळीही लिहा. प्रत्येकापुढे ब्रँडचे नाव, घटक औषधाचे मूळ नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा आणि शेवटचे कधी घेतले ते हवे. तपासणी नेहमी मूळ नावाने करा. एकाच ब्रँडखाली दोन देशांत दोन वेगळी रसायने विकली जातात. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश स्कीपटू अॅलन बॅक्स्टरचे कांस्यपदक नाक मोकळे करणाऱ्या इनहेलरमुळे गेले. घरी तो हाच ब्रँड वापरत असे, पण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नळीत लेव्हमेटअॅम्फेटामिन हे उत्तेजक होते.

निषिद्ध पदार्थांची यादी जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, दरवर्षी नव्याने काढते आणि ती १ जानेवारीपासून लागू होते. मागच्या वर्षी चाललेले औषध यंदा चालेलच असे नाही. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी १ जानेवारी २०२४पासून स्पर्धाकाळात निषिद्ध झाली, आणि कित्येकांच्या कपाटात ती अजून आहे. काही देशांतली औषधे ग्लोबल डीआरओ या संकेतस्थळावर शोधता येतात. इतरांनी आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला लेखी विचारावे. उत्तर तारखेसह जपून ठेवा. उद्या काही निघाले, तर तुम्ही काळजी घेतली होती याचा तोच पुरावा.

काही पदार्थ वर्षभर निषिद्ध असतात, काही फक्त स्पर्धाकाळात. स्पर्धाकाळ सुरू होतो आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी आणि संपतो स्पर्धा व तिच्याशी जोडलेले नमुने घेण्याचे काम संपल्यावर. गोळी चार दिवसांपूर्वी घेतली असली तरी तिचा अंश त्या काळात दिलेल्या नमुन्यात सापडला, तर तो स्पर्धाकाळातलाच धरला जातो.

कोणती औषधे अडकवतात

सर्वांत आधी बी.पी.ची गोळी उलटून मागचे बारीक अक्षर वाचा. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, स्पायरोनोलॅक्टोन, फ्युरोसेमाइड, टोरसेमाइड यांपैकी काही दिसले तर ते लघवी वाढवणारे औषध आहे आणि ते वर्षभर निषिद्ध आहे. लघवी पातळ झाली की दुसऱ्या पदार्थाचा माग लपतो, म्हणून बंदी. घोळ होतो तो जोडगोळ्यांमुळे. नुसते टेल्मिसार्टन चालते, त्यातच हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेली गोळी चालत नाही. ब्रँडच्या नावाशेवटी अनेकदा फक्त एक 'एच' जास्त असतो. अम्लोडिपिन चालते. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर पोहण्यात चालतात (फ्रीडायव्हिंगमध्ये चालत नाहीत, दोन्ही करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे), पण अॅटेनोलॉलसोबत क्लोरथॅलिडोन असलेली गोळी पुन्हा बंदीत जाते. डॉक्टरांना भेटून साधा पर्याय मागा. बऱ्याच जणांना तो मिळतो. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बी.पी. चढलेल्या माणसाने गार पाण्यात उडी मारणे हा कुठल्याही बंदीपेक्षा मोठा धोका आहे.

काचबिंदूच्या डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड या थेंबांना सूट आहे. याच जातीची अॅसेटाझोलामाइडची गोळी मात्र निषिद्ध.

छातीत कळ येणाऱ्यांना दिले जाणारे ट्रायमेटाझिडिन वर्षभर निषिद्ध आहे. चीनचा जलतरणपटू सुन यांग याला २०१४मध्ये याच औषधावरून तीन महिन्यांची बंदी झाली होती. लोमेरिझिन हे मायग्रेनचे औषध शरीरात गेल्यावर त्यातून ट्रायमेटाझिडिन तयार होते, त्यामुळे ते घेणाऱ्याने आधीच कागद तयार ठेवावेत.

दमा हा पोहणाऱ्यांचा खास आजार. बंदिस्त तलावावर पाण्यालगत साचणाऱ्या क्लोरामाइन वायूंनी श्वासनलिका चिडतात. सॅल्ब्युटामॉल ओढून घ्यायला पूर्वपरवानगी लागत नाही, पण मर्यादा आहे: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही ८ तासांत ६००पेक्षा जास्त नाही. एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतील तर ८ तासांत ६ पफ. वॉर्मअपआधी दोन, शर्यतीआधी दोन, दुपारी धाप लागली म्हणून दोन, इथेच सहा भरले. नेब्युलायझरच्या एका मात्रेत सहसा २.५ मिलिग्रॅम असते, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम; ती मर्यादेपलीकडची आहे. सॅल्ब्युटामॉलची गोळी किंवा सिरप सरळ निषिद्ध, आणि खोकल्याच्या काही औषधांत ते असते. टर्ब्युटालिन पंपातूनही चालत नाही. सॅल्मेटेरॉल २४ तासांत २०० मायक्रोग्रॅमपर्यंत, फॉर्मोटेरॉल ५४पर्यंत. पंपातले स्टिरॉइड, उदाहरणार्थ ब्युडेसोनाइड, चालते. स्पर्धेच्या दिवशी पफची वेळ फोनमध्ये टिपत जा. धाप लागलेली असताना आठवणीवर भरवसा ठेवू नये.

सॅल्ब्युटामॉलबद्दल एक बारीक नियम आहे, तो फार कमी जणांना माहीत असतो. लघवी वाढवणारे औषध आणि सॅल्ब्युटामॉल, फॉर्मोटेरॉल किंवा स्यूडोएफेड्रिन नमुन्यात एकत्र सापडले, तर मर्यादेतले सॅल्ब्युटामॉलही गुन्ह्यात धरले जाते. दमा आणि बी.पी. दोन्ही असलेल्याला मग दोन्ही औषधांची परवानगी काढावी लागते. बी.पी.ची गोळी बदलून घेण्याचे हे आणखी एक कारण.

खांद्याचे दुखणे दुसरे. वर्षानुवर्षे फ्रीस्टाइल आणि बटरफ्लाय मारणाऱ्यांना कधी ना कधी सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले जाते. २०२२पासून कुठल्याही मार्गाने टोचलेले स्टिरॉइड स्पर्धाकाळात निषिद्ध आहे, सांध्यातलेसुद्धा. औषध शरीरातून जायला लागणारे दिवस वाडाने ठरवून दिले आहेत. सांध्यातल्या किंवा सांध्याभोवतीच्या इंजेक्शनला ३ दिवस. त्यात ट्रायमसिनोलोन असिटोनाइड, प्रेडनिसोलोन किंवा प्रेडनिसोन असेल तर १०. स्नायूत टोचले तर बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, मिथिलप्रेडनिसोलोनला ५ दिवस, प्रेडनिसोलोन आणि प्रेडनिसोनला १०, आणि ट्रायमसिनोलोन असिटोनाइडला तब्बल ६०. तोंडाने घेतलेल्या स्टिरॉइडला ३ दिवस, ट्रायमसिनोलोनला १०. म्हणून डॉक्टरांना सुई भरण्याआधीच विचारा: औषध कोणते, मात्रा किती, कुठे टोचणार? हे तिन्ही चिठ्ठीवर लिहून घ्या. 'खांद्यात इंजेक्शन दिले' एवढीच नोंद असेल तर नंतर दिवस मोजता येत नाहीत. मलम, नाकातला फवारा, डोळ्याचे व कानाचे थेंब यांतले स्टिरॉइड नेहमीच्या मात्रेत चालते.

हार्मोनबद्दल सांगताना आडपडदा नको. वयाने टेस्टोस्टेरॉन उतरले, थकवा येतो, उत्साह नाही, वजन वाढले, म्हणून जेल किंवा इंजेक्शन घेणाऱ्याला परवानगी मिळत नाही. ती मिळते वृषण किंवा पिट्युटरीच्या सिद्ध झालेल्या विकारात. दवाखान्यातला डॉक्टर हे उपचार कायदेशीरपणे देऊ शकतो, खेळाचा नियम वेगळा. जेल लावणाऱ्याच्या त्वचेवरून ते जोडीदाराच्या अंगावर जाते, तेव्हा घरात दुसरे कुणी स्पर्धेत उतरत असेल तर लावलेली जागा कपड्याने झाका आणि हात साबणाने धुवा. डीएचईए काही ठिकाणी जीवनसत्त्वासारखे उघड विकले जाते; ते निषिद्ध आहे. पाळी थांबल्यानंतर दिले जाणारे टिबोलोन निषिद्ध, साधे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन चालते. स्तनाच्या कर्करोगानंतरचे टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल आणि मधुमेहाचे इन्सुलिन यांना परवानगी काढावी लागते. मेटफॉर्मिनला लागत नाही.

सर्दीच्या गोळीतले स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या किमान २४ तास आधी थांबवा. ऑक्सिमेटाझोलिनचा फवारा चालतो. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि कॉफी चालते.

थकवा घालवायला सलाइन लावून घेणे हा अलीकडचा प्रकार. बाटलीत नुसती जीवनसत्त्वे असली तरी १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणे हीच निषिद्ध पद्धत आहे. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया आणि निदानाच्या तपासण्या तेवढ्या वगळल्या आहेत. अमेरिकेचा जलतरणपटू रायन लॉक्टी याने ड्रिप लावलेला स्वतःचा फोटो समाजमाध्यमावर टाकला आणि २०१८मध्ये त्याला १४ महिने बाहेर बसावे लागले. त्या ड्रिपमध्ये निषिद्ध औषध काहीच नव्हते.

परवानगी: टीयूई

औषध निषिद्ध आहे आणि बदलताही येत नाही, तर उपचारासाठीच्या सवलतीचा म्हणजे टीयूईचा अर्ज करा. समिती चार गोष्टी पाहते: आजाराचे निदान पक्के आहे का, औषधाने प्रकृती पूर्ववत होण्यापलीकडे काही फायदा होतो का, चालणारा दुसरा पर्याय आहे का, आणि आजार पूर्वी परवानगीविना घेतलेल्या निषिद्ध पदार्थातून तर आला नाही ना. अर्ज स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी पोहोचवा. पूर्ण फाइल मिळाल्यावर साधारण २१ दिवसांत निर्णय येतो. इथे 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. बहुतेक अर्ज अडतात ते डॉक्टरांनी नुसते 'रुग्णाला या औषधाची गरज आहे' असे पत्र दिल्यामुळे. दम्यासाठी स्पायरोमेट्रीचा, म्हणजे श्वासाची क्षमता मोजणाऱ्या चाचणीचा, आलेख हवा, औषध देण्याआधीचा व नंतरचा. इन्सुलिनसाठी निदानाचे जुने रिपोर्ट हवेत. बी.पी.साठी कोणते पर्याय केव्हा वापरून पाहिले आणि ते का सोडले, हे तारखांसह हवे.

संहितेत २०२१पासून 'हौशी खेळाडू' असा वेगळा वर्ग आहे. त्यात बसणाऱ्याला नमुना दिल्यानंतरही टीयूई मागता येते, आणि मोठा निष्काळजीपणा नसेल तर शिक्षा समजपत्रापासून जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत असते. व्याख्या प्रत्येक देशाची उत्तेजकविरोधी संस्था ठरवते. मागच्या पाच वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय दर्जाचे खेळाडू असलेले यात येत नाहीत; स्पर्धात्मक पोहणे सोडून लगेच मास्टर्समध्ये उतरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आपण कुठे बसतो हे संस्थेला ईमेलने विचारून ठेवा, पण 'नंतर मागू' या भरवशावर कुणी राहू नये.

पूरके

पूरकांच्या बाटलीवरचे लेबल आणि आतला माल यांचा मेळ असतोच असे नाही. कलोन इथल्या प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ हार्मोनविरहित पूरके तपासली, तेव्हा ९४मध्ये, म्हणजे १४.८ टक्क्यांत, लेबलवर नसलेली अॅनाबॉलिक स्टिरॉइडे निघाली. ते निष्कर्ष २००४मध्ये छापले गेले. स्नायू वाढवणारी, चरबी जाळणारी आणि व्यायामाआधीची 'प्री-वर्कआउट' पावडर ही सर्वांत धोक्याची. हिजेनामाइन आणि मिथिलहेक्झानामाइन हे निषिद्ध पदार्थ यांतच सापडतात. अमेरिकेची जलतरणपटू जेसिका हार्डी हिचे २००८चे ऑलिंपिक पूरकातल्या क्लेनब्युटेरॉलने हुकले. ब्राझीलचा जलतरणपटू सेझार सिएलो याच्या नमुन्यात २०११मध्ये फ्युरोसेमाइड सापडले, ते खास बनवून घेतलेल्या कॅफिनच्या कॅप्सूलमधून आलेले होते. हे दाखवता आले म्हणून त्याची सुटका समजेवर झाली. ऑस्ट्रेलियाची जलतरणपटू शायना जॅक हिला २०१९मध्ये नमुन्यात निघालेल्या लिगँड्रॉल या स्नायू वाढवणाऱ्या पदार्थाचा उगम सापडला नाही आणि दोन वर्षे गेली.

आमचे मत स्पष्ट आहे: हौशी पोहणाऱ्याला पूरकांतून मिळणारे सेकंद या जोखमीच्या मोलाचे नाहीत. तरीही घ्यायचेच असेल तर इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट अशी खूण असलेलेच घ्या, आणि आपल्या डब्यावरचा बॅच क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर जुळवून पाहा, कारण इन्फॉर्म्ड स्पोर्टची तपासणी बॅचनिहाय असते. डबा, पावती आणि त्याच बॅचचा एक न फोडलेला डबा वर्षभर ठेवा. उगम सिद्ध करण्याची वेळ आली तर प्रयोगशाळेला तोच लागतो.

चाचणीच्या दिवशी

पिशवीत फोटो असलेले ओळखपत्र, औषधांची यादी, टीयूईची प्रत, कोरडे सैल कपडे, टॉवेल आणि सीलबंद पाण्याची बाटली ठेवा.

तुमची निवड झाली की अधिकारी किंवा सोबती (तुमच्यावर नजर ठेवायला नेमलेला माणूस) ओळख दाखवून तुम्हाला सांगतो आणि सही घेतो. त्या क्षणापासून नमुना देईपर्यंत तुम्ही त्याच्या नजरेआड व्हायचे नाही, शॉवरलाही नाही. वॉर्मडाउन, बक्षीस समारंभ, पुढची शर्यत, औषधोपचार यांसाठी वेळ मागता येतो, नजर राहते. सोबत एक प्रतिनिधी आणि लागल्यास दुभाषी घेण्याचा हक्क आहे.

नमुना देताना तुमच्याच लिंगाचा साक्षीदार लघवी बाहेर पडताना पाहतो. त्यासाठी वरचा कपडा छातीपर्यंत वर आणि खालचा गुडघ्यापर्यंत खाली करावा लागतो. ओला रेसिंग सूट इथे फार छळतो: घट्ट कापड अंगाला चिकटलेले, बोटे गार पडलेली. आधी सूट बदलायला मागा, सोबतीच्या समोर बदला, मग कोरडे कपडे घालून शांतपणे बसा. हात नुसत्या पाण्याने धुवा, साबणाचा अंश नमुन्यात जायला नको.

किमान ९० मिलिलिटर लागते. कमी पडले तर तेवढे तात्पुरते सील होते आणि पुढच्या वेळी त्यात भर घातली जाते. बहुतेकांचा वेळ इथे जातो, कारण लवकर सुटण्यासाठी ते घटाघट पाणी पितात. लघवी पातळ होते, आणि रिफ्रॅक्टोमीटर या दाटपणा मोजणाऱ्या उपकरणावर विशिष्ट गुरुत्व १.००५च्या खाली गेले की नमुना अपुरा ठरून पुन्हा द्यावा लागतो (१५० मिलिलिटर किंवा जास्त दिले तर १.००३ चालते). पाण्यात बराच वेळ राहिल्यानेही शरीर जास्त आणि पातळ लघवी तयार करते, त्यामुळे पोहणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. अर्ध्या तासात एक लहान बाटली पुरे. नमुना पातळ ठरला तर पाणी थांबवा आणि वाट पाहा.

भांडे आणि बाटल्यांचा संच तुम्हीच अनेकांतून निवडायचा. वेष्टन फाटलेले नाही ना, पेटीवरचे आणि ए व बी बाटल्यांवरचे क्रमांक एकच आहेत ना, हे मोठ्याने वाचून जुळवा. ए बाटलीत किमान ६० आणि बीमध्ये ३० मिलिलिटर स्वतः ओता, भांड्यात थोडे गुरुत्व मोजायला राहू द्या. झाकणे स्वतः घट्ट करा आणि बाटली उलटी धरून गळत नाही ना ते पाहा. मग फॉर्म. मागच्या सात दिवसांत घेतलेले सगळे लिहा, कॉफीची गोळी आणि पंपाचे पफही. तुम्ही लिहिले म्हणून निषिद्ध औषध चालत नाही, पण न लिहिलेले औषध नमुन्यात निघाले तर तुमच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही.

काही खटकले, साक्षीदाराचे वागणे, बाटलीवरचा चरा, कागदपत्रातली चूक, तर ते फॉर्मवरच्या टिप्पणीच्या जागेत लिहा आणि नमुना द्या. प्रक्रिया थांबवू नका. सुन यांगने २०१८मध्ये अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांवर आक्षेप घेतला आणि रक्ताच्या बाटलीचे आवरण हातोड्याने फोडले गेले. फेरसुनावणीनंतरही चार वर्षे तीन महिन्यांची बंदी राहिली. विनाकारण नकार देणे किंवा निघून जाणे याची मूळ शिक्षा चार वर्षे आहे, म्हणजे कित्येक औषधांच्या शिक्षेपेक्षा जास्त.

निकाल विरुद्ध आला तर

पत्र आले की त्यातल्या मुदती आधी पाहा. बी नमुना, म्हणजे दुसऱ्या बाटलीतला, फेरतपासणीसाठी उघडण्याची मागणी आणि त्या वेळी हजर राहण्याचा हक्क, उत्तर देणे, सुनावणी, प्रत्येकाला ठरलेले दिवस आहेत आणि ते उलटले की हक्क जातो. फॉर्मची प्रत, औषधांची यादी, चिठ्ठ्या, तारखांसह तपासणीची उत्तरे आणि डबे एकत्र करा. डॉक्टरांकडून सविस्तर नोंद त्याच आठवड्यात घ्या.

बंदी फक्त शर्यतींपुरती नसते. त्या काळात संघटनेशी संलग्न क्लबच्या सरावात जाता येत नाही, मुलांना शिकवता येत नाही, ट्रायथलॉन किंवा वॉटर पोलोतही उतरता येत नाही. क्लबच्या सरावाला परत जाता येते ते बंदीच्या शेवटच्या दोन महिन्यांत किंवा तिच्या शेवटच्या चतुर्थांशात, यांपैकी जो काळ कमी असेल त्यात.